अंडी घालणारी कीड हिवाळा काढते का? सोंडकिड्यापासून गुलाबी बोंडअळीपर्यंत

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: पावसाळा संपल्यावर, थंडीच्या तोंडावर पिकांवरील किडींनी प्रजनन चालू ठेवले, तर त्यांची हिवाळ्यात तगून राहण्याची क्षमता घटते का, आणि घटत असेल, तर कापसाची फरदड (मुख्य वेचण्यांनंतरही पीक उभे ठेवून घेतलेले जादा उत्पादन) घेऊ नये हा सल्ला याच कारणामुळे दिला जातो का? पहिल्या भागाचे उत्तर, प्रौढ अवस्थेत हिवाळा काढणाऱ्या किडींपुरते, बहुतांशी होकारार्थी आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र नकारार्थी आहे, कारण गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत प्रजनन आणि हिवाळा यांचा संबंध निराळ्या वाटेने येतो. दोन्ही भाग एकत्र केल्यामुळे आपल्याकडील चर्चेत बराच गोंधळ होतो, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देत आहे.

सर्वप्रथम कीड हिवाळा कोणत्या अवस्थेत काढते हे पाहिले पाहिजे. टोळांच्या काही जाती अंड्याच्या, गुलाबी बोंडअळी पूर्ण वाढलेल्या अळीच्या, हरभऱ्यावरील घाटेअळी थंड प्रदेशांत कोषाच्या, तर बटाट्यावरील कोलोरॅडो भुंगेरा, अनेक सोंडकिडे आणि ढेकण्या गटातील रसशोषक किडी प्रौढ अवस्थेत हिवाळा काढतात. अळी किंवा कोष यांना प्रजनन करायचेच नसते, त्यामुळे 'अंडी घालू की शरीर राखू' असा पेच त्यांच्यापुढे उभा राहत नाही. हा पेच फक्त प्रौढ कीटकापुढे असतो, आणि तो सोडवण्यासाठी निसर्गाने जी व्यवस्था केली आहे तिला आपण प्रौढावस्थेतील सुप्तावस्था म्हणतो. तिचे पहिले लक्षण थंडीने गारठणे हे नसून अंडाशयाची वाढ थांबणे हे आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उबदार दिवसांत, पीक हिरवे असताना आणि नर-मादी दोन्ही समोर असतानाही मादी अंडी घालण्याचे थांबवते. दिवस लहान होत चालल्याची खूण तिला मिळालेली असते.

हे थांबणे का आवश्यक आहे, याचे उत्तर कीटकाच्या मेदपिंडात आहे. मेदपिंड हे आपल्या यकृताची आणि चरबीच्या साठ्याची अशी दोन्ही कामे करणारे ऊतक असून ते पोटाच्या पोकळीत पांढुरक्या पुंजक्यांच्या रूपात पसरलेले असते. मादी प्रजननक्षम असते तेव्हा हेच मेदपिंड अंड्यातील बलकासाठी लागणारे प्रथिन मोठ्या प्रमाणावर तयार करून रक्तात सोडते आणि वाढणारी अंडी ते शोषून घेतात. सुप्तावस्थेकडे जाणाऱ्या मादीत मात्र तेच मेदपिंड बलकाचे प्रथिन बनवणे बंद करून स्निग्ध पदार्थ आणि ग्लायकोजेन (शर्करेचे साठवणीचे रूप) साठवू लागते. एकाच पोत्यातले धान्य बियाणे म्हणून पेरायचे की वर्षभर खायला ठेवायचे, असा हा हिशेब आहे. दोन्ही एकदम साधत नाही.

या दोन मार्गांमधील कळ म्हणजे जुव्हेनाइल हार्मोन. मेंदूच्या मागे असलेल्या कॉर्पोरा अलाटा या लहानशा ग्रंथींतून ते स्रवते. प्रौढ कीटकात त्याचे प्रमाण वाढले की अंडाशय वाढतो, नरामध्ये सहायक ग्रंथी भरतात आणि चयापचय वेगवान होतो. ते घटले की हे सर्व मंदावते आणि साठवणूक सुरू होते. नेदरलँड्समधील वागेनिंगेन येथे यान द विल्डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलोरॅडो भुंगेऱ्यावर केलेले प्रयोग या विषयात पायाभूत मानले जातात. दिवस मोठे ठेवूनही त्या ग्रंथी काढून टाकल्या, तर भुंगेरा खाणे सोडून जमिनीत शिरतो आणि सुप्तावस्थेतील कीटकासारखा वागू लागतो, हे त्यांनी 1960 च्या सुमारास दाखवून दिले. उलट दिशेने, मेथोप्रीनसारखे जुव्हेनाइल हार्मोनच्या धर्तीचे रसायन लावले असता अनेक जातींच्या सुप्त माद्यांत अंडाशय पुन्हा वाढू लागतो. प्रजनन आणि हिवाळी तयारी या दोन स्वतंत्र गोष्टी नसून एकाच नियंत्रणाच्या दोन बाजू आहेत, याचा यापेक्षा थेट पुरावा मिळणे कठीण आहे.

थंडीशी संबंध येतो तो याच्या पुढच्या टप्प्यावर. चरबी हे हिवाळाभराचे अन्न आहे, पण केवळ चरबीवर थंडी निभावत नाही. अनेक कीटकांच्या शरीरातील पाणी शून्याखाली बराच काळ न गोठता द्रवरूपातच राहू शकते. ग्लिसरॉल, ट्रेहॅलोज यांसारखे पदार्थ त्यासाठी उपयोगी पडतात आणि ते बऱ्याच अंशी ग्लायकोजेनच्या साठ्यातून तयार होतात. याउलट आतड्यात अन्न असेल, तर अन्नकण आणि त्यांबरोबरचे जिवाणू बर्फाचे स्फटिक तयार होण्यास आधार देतात आणि कीटक तुलनेने कमी थंडीतच गोठतो. अंडी घालणारी मादी खाणे थांबवू शकत नाही, कारण बलकासाठी प्रथिनांचा पुरवठा सतत लागतो. म्हणजे तिच्याकडे साठा कमी, शरीरात पाण्याचे प्रमाण जास्त, आतडे भरलेले आणि चयापचय वेगवान, अशा चारही बाबी एकाच वेळी प्रतिकूल असतात. 'प्रजननामुळे मादी अशक्त होते' असे जे ढोबळपणे म्हटले जाते, त्याच्या मुळाशी ही साखळी आहे.

प्रत्यक्ष शेतात हे ज्ञान कसे वापरले गेले, याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण अमेरिकेतील कापसावरच्या बोल वीव्हिल या सोंडकिड्याचे आहे. ही कीड भारतात नाही, परंतु कापूस पिकवणाऱ्या माणसाने तिचा इतिहास माहीत करून घ्यावा. 1892 च्या सुमारास ती मेक्सिकोतून टेक्सासच्या दक्षिण टोकाला पोहोचली आणि 1922 पर्यंत अमेरिकेच्या जवळजवळ संपूर्ण कापूस पट्ट्यात पसरली. मादी कापसाच्या पात्यांत (फुलांच्या कळ्यांत) आणि कोवळ्या बोंडांत भोक पाडून आत अंडे घालते. उन्हाळ्यात अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण होत असल्यामुळे एका हंगामात अनेक पिढ्या होतात. हिवाळा मात्र फक्त प्रौढच काढतात, तेही शेताबाहेर, झाडीच्या कडेला, पालापाचोळ्यात.

वेचणी संपताच पऱ्हाट्या (कापसाची उरलेली झाडे) उपटून नष्ट करा, हा सल्ला तेथील कीटकशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या आरंभापासून देत होते. तो योग्य होता, परंतु त्यामागचे नेमके कारण 1959 साली जे. आर. ब्रॅझेल आणि एल. डी. न्यूसम यांनी या किडीतील सुप्तावस्थेचे वर्णन केल्यावर स्पष्ट झाले. हंगामाच्या उत्तरार्धात मिळणाऱ्या सोंडकिड्यांमध्ये त्यांना दोन प्रकारचे प्रौढ आढळले. एका प्रकारात अंडाशय किंवा वृषणे कार्यरत आणि चरबी तुटपुंजी. दुसऱ्या प्रकारात प्रजननसंस्था आक्रसलेली, पोट चरबीने ठासून भरलेले, पाण्याचे प्रमाण घटलेले आणि श्वसन मंद. वसंतात जिवंत बाहेर येणारे किडे दुसऱ्या प्रकारातून येतात. पहिल्या प्रकारातील किडे पीक आहे तोवर अंडी घालतात आणि कडाक्याची थंडी पडली की संपतात.

यातून निघालेला निष्कर्ष व्यवहारात फार मोलाचा ठरला. सुप्तावस्थेकडे वळलेला किडा प्रौढ होताच लपायला जात नाही. चरबी भरण्यासाठी त्याला काही आठवडे कापसावरच खात राहावे लागते. त्या काळात तो अंडी घालत नाही, म्हणजे त्याच्या संख्येत भर पडत नाही, आणि तो अजून शेतातच, हाताशी असतो. याच टप्प्यावर त्याला मारले, तर पुढच्या वर्षीच्या किडीचे मूळच खुडले जाते. या विचारावर आधारित शरद ऋतूतील फवारणीचा कार्यक्रम 1964 साली टेक्सासच्या उंच पठारी भागाकडे कीड सरकू नये म्हणून सुरू झाला. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड निपलिंग यांनी त्यात एक महत्त्वाची दुरुस्ती सुचवली: सुप्त होणारे किडे दिसू लागेपर्यंत थांबायचे नाही, तर त्यांना जन्म देणारी शेवटची प्रजननक्षम पिढीच आधी कमी करायची, आणि मग उरलेल्यांना साठवणुकीच्या काळात गाठायचे. प्रजनन करणारे किडे स्वतः हिवाळा काढणार नसले, तरी हिवाळा काढणाऱ्यांचे आईबाप तेच असतात, हा मुद्दा पुष्कळांच्या नजरेतून निसटतो. 'ते तर मरणारच आहेत' म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे ही गणितातील चूक आहे.

1978 साली व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलायना यांच्या सीमाभागात निर्मूलनाची मोठी चाचणी सुरू झाली. तोपर्यंत या किडीचे कामगंध (जोडीदाराला आकर्षित करणारे) रसायन ओळखले गेले होते आणि सापळ्यांनी शेतांवर नजर ठेवता येत होती. पुढील तीन दशकांत अमेरिकेचा बहुतेक कापूस पट्टा या किडीपासून मुक्त झाला. अपवाद राहिला तो टेक्सासच्या दक्षिणेकडील रिओ ग्रँडे खोऱ्याचा, आणि तो अपवाद आपल्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण आहे. तिथला हिवाळा सौम्य आहे, मोड आलेला किंवा आपोआप उगवलेला कापूस थंडीतही तग धरतो, सीमेपलीकडूनही किडे येत राहतात. त्यामुळे किड्याला पूर्ण सुप्तावस्थेत जाण्याची सक्ती उरत नाही. जिथे हिवाळा मारत नाही, तिथे प्रजनन चालू ठेवणाऱ्या किडीला दंडही होत नाही. महाराष्ट्राकडे वळताना हे वाक्य आपल्याला पुन्हा लागणार आहे.

दंड होतो तेव्हा तो कसा होतो, याची बारकाईने नोंद जपानमधील ओसाका येथे झाली. तूर, सोयाबीन, भाजीपाला यांवर येणारा जो हिरवा ढेकण्या आपल्याला परिचित आहे, त्याच जातीवर दमित्री मुसोलिन आणि हिदेहारू नुमाता यांनी तिथे काम केले. ही जात 1960 च्या दशकात जपानच्या अधिक दक्षिणेकडील, उबदार किनारी भागापुरती होती आणि शतकाच्या अखेरीस ओसाकापर्यंत सरकली, म्हणजे ती स्वतःच्या विस्ताराच्या उत्तर सीमेवर जगण्याचा प्रयत्न करत होती. कीझी किरितानी यांनी पूर्वीच दाखवले होते की जानेवारीचे सरासरी तापमान सुमारे 5 अंश सेल्सिअसच्या खाली जाते तिथे तिचा टिकाव लागत नाही, आणि हे तापमान एक अंशाने वाढले की हिवाळी मृत्यू अंदाजे 15 टक्क्यांनी घटतात.

ओसाकात संशोधकांनी उन्हाळा ते शरद या काळात वेगवेगळ्या तारखांना पिल्ले वाढवून त्यांना उघड्यावर ठेवले. जे ढेकणे लवकर प्रौढ झाले त्यांनी अंडी घातली आणि ते हिवाळ्यापूर्वी संपले, पण त्यांच्या संततीला वाढायला वेळ मिळाला. जे उशिरा प्रौढ झाले ते थेट सुप्तावस्थेत गेले. अशा ढेकण्यांचा रंग हिरव्यावरून तांबूस-तपकिरी होतो, त्यामुळे कोण तयारीत आहे हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते. खरी अडचण मधल्यांची झाली. सप्टेंबरमध्ये प्रौढ झालेल्यांपैकी काहींनी दिवस पुरेसे लहान होण्यापूर्वीच अंडी घालायला सुरुवात केली. त्यांची उशिराची पिल्ले प्रौढ होण्याआधीच थंडीत मेली, आणि मादीही वसंतापर्यंत पोहोचली नाही. दोन्ही पिढ्या वाया गेल्या. या जातीत थंडी सोसण्याची शारीरिक क्षमता जितकी महत्त्वाची आहे, तितकाच प्रजनन कधी थांबवायचे याचा निर्णय महत्त्वाचा आहे, आणि नवीन प्रदेशात तो निर्णय जुन्या प्रदेशाच्या घड्याळानुसार घेतला गेल्याने फसतो, असे त्यांच्या कामातून दिसते. माझ्या मते या विषयावरील वाचनाची सुरुवात याच कामापासून करावी.

आता एक भेद नीट करणे आवश्यक आहे. प्रजनन म्हणजे मीलन की अंडी घालणे? दोन्हींची किंमत सारखी नसते. अंडी बनवण्याचा खर्च मोठा आणि उघड आहे. मीलनाचा खर्च लहान, पण त्याचा परिणाम दूरवर जाऊ शकतो. फळमाशांच्या वर्गातील ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर या प्रयोगशाळेतील माशीत नराच्या वीर्यातील प्रथिने मादीचे जुव्हेनाइल हार्मोन वाढवतात आणि तिला अंडी घालण्याकडे ढकलतात, हे चांगले सिद्ध झालेले आहे. तरीही हिवाळ्यापूर्वी मीलन करून शुक्राणू शुक्रपिशवीत साठवून ठेवणाऱ्या किडी आहेतच. कोलोरॅडो भुंगेऱ्याच्या माद्या शरद ऋतूत मीलन करतात, जमिनीत हिवाळा काढतात आणि वसंतात नर भेटला नाही तरी काही फलित अंडी घालू शकतात. मऊ फळांवर येणाऱ्या ड्रोसोफिला सुझुकी या माशीचेही तसेच आहे. 2008 साली ती कॅलिफोर्नियात आणि युरोपात आढळली, आणि तिची हिवाळी पिढी गडद रंगाची, मोठ्या पंखांची आणि अविकसित अंडाशयाची असते. तिच्या काही माद्यांच्या शुक्रपिशवीत हिवाळ्याअखेर शुक्राणू सापडतात. म्हणून 'मीलन झालेली मादी हिवाळ्यात मरते' असे सरसकट विधान करू नये; निर्णायक बाब अंडाशय वाढला की नाही ही आहे.

मादीला परतीचा मार्गही थोडा खुला असतो. अंडी अर्धवट वाढली असताना अन्न तुटले किंवा दिवस लहान झाले, तर अनेक कीटक त्या अंड्यांतील पोषक द्रव्ये पुन्हा शोषून घेतात. यातून गेलेले सगळे परत मिळत नाही, पण काही माद्या उशिरा का होईना सुप्तावस्था गाठतात. नरांकडे मात्र संशोधकांनी एकूणच कमी लक्ष दिले आहे.

माव्याबद्दल थोडक्यात. थंड प्रदेशांतील अनेक मावा जाती उन्हाळाभर नराविना जिवंत पिल्ले देतात आणि शरद ऋतूत मात्र नर-मादींची पिढी तयार करून अंडी घालतात. ही अंडी कडाक्याच्या थंडीतही टिकतात, प्रौढ मावा टिकत नाही. म्हणजे इथे हिवाळा निभावण्यासाठी प्रजनन थांबवले जात नाही, तर त्याची पद्धत बदलली जाते. हिवाळा सौम्य असला की तीच जात अंडी न घालता पिल्ले देत राहते आणि वसंतात तिची संख्या लवकर फुगते. महाराष्ट्रात करडई, ज्वारी किंवा मोहरीवरचा मावा रब्बीच्या थंडीत नेमके हेच करतो, किंबहुना हा थंड काळ त्याच्या भरभराटीचा असतो.

आता फरदडीकडे. गुलाबी बोंडअळी पतंगाच्या अवस्थेत हिवाळा काढत नाही. पतंगाचे आयुष्य थोड्या दिवसांचे असते आणि अंडी घालून तो संपतो. सुप्तावस्था येते ती पूर्ण वाढलेल्या अळीत, आणि ती लहान होणाऱ्या दिवसांमुळे व घटत्या तापमानामुळे येते. अशी अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत, वाळक्या बोंडांत, पऱ्हाट्यांच्या ढिगात, जिनिंगच्या कचऱ्यात किंवा मातीत कित्येक महिने राहू शकते. तिच्या आईने अंडी घातल्यामुळे या अळीचे हिवाळ्यात तगणे कमी होत नाही. म्हणून बोल वीव्हिलचा तर्क जसाच्या तसा इथे लावता येत नाही, आणि 'फरदड ठेवली तर कीड अंडी घालून थकेल व थंडीत मरेल' अशी समजूत कुणाची असेल तर ती घातक आहे.

विदर्भ-मराठवाड्यातील हिवाळा या किडीला मारण्याइतका थंड नसतो. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान काही दिवस 10 अंशांखाली जाते, दुपारी ते पुन्हा 25 ते 30 च्या घरात असते. अशा हवामानात सर्व अळ्या सुप्त होत नाहीत. शेतात फुले, पात्या आणि हिरवी बोंडे असतील, तर काही अळ्या कोषात जातात, पतंग निघतात, अंडी घालतात आणि पुढची पिढी सुरू होते, तर काही अळ्या सुप्त होऊन उन्हाळा काढतात. दोन्ही मार्ग एकाच शेतात एकाच वेळी चालू असतात. फरदडीचे खरे नुकसान हे आहे की ती दोन्ही मार्गांना अन्न पुरवते: प्रजनन चालू ठेवणाऱ्यांची संख्या वाढते, आणि त्या वाढलेल्या संख्येतून सुप्त होणाऱ्या अळ्यांचा साठाही वाढतो. निपलिंग यांनी सोंडकिड्याबद्दल मांडलेला 'आईबाप' हा मुद्दा इथे मात्र तंतोतंत लागू पडतो. नोव्हेंबर-डिसेंबरमधील प्रजनन करणारी पिढी तोडली, तर पुढच्या जूनच्या पतंगांची संख्या तोडली जाते.

बीटी कापसाच्या (अळीला मारक प्रथिन बनवणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या कापसाच्या) संदर्भात याला आणखी एक धार आहे. गुजरातमध्ये या किडीने प्रथम एका जनुकाच्या बीटी वाणांना, आणि पुढे 2015 च्या सुमारास दोन जनुकांच्या वाणांनाही प्रतिकार दाखवला, आणि 2017-18 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात फार मोठे नुकसान झाले. लांब मुदतीचे संकरित वाण आणि त्यावर फरदड म्हणजे प्रतिकारक अळ्यांच्या एक-दोन जादा पिढ्या, त्याही विषाचे प्रमाण घटलेल्या जुन्या झाडांवर. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसह अनेक तज्ज्ञ डिसेंबरअखेर पीक संपवण्यास सांगतात, त्यामागे हा संपूर्ण हिशेब आहे. ओलिताची सोय असणाऱ्या शेतकऱ्याला जानेवारी-फेब्रुवारीतील दोन वेचण्या सोडणे जड जाते, हे मला मान्य आहे. भाव चढा असेल त्या वर्षी तर अधिकच. म्हणूनच हा निर्णय एकेकट्याने घेऊन फारसा उपयोग होत नाही. शेजारच्या बांधापलीकडे फरदड उभी असेल, तर आपल्या रिकाम्या शेताचा लाभ अर्धाच मिळतो.

हिवाळा आणि उन्हाळा काढून आलेल्या अळ्यांनाही प्रजननाच्या आघाडीवर गाठता येते, आणि माझ्या मते आपल्याकडे या बाजूकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. सुप्तावस्था संपून पतंग बाहेर पडतात, त्या वेळी शेतात पात्या नसतील तर त्यांच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्यांना खायला काही मिळत नाही आणि त्या पिढीचा प्रवास तिथेच थांबतो. इंग्रजी साहित्यात याला आत्मघाती उदय अशा अर्थाची संज्ञा आहे. लागवडीनंतर पात्या धरायला साधारण पाच-सहा आठवडे लागतात, त्यामुळे मे महिन्यातील पूर्वहंगामी लागवड टाळून पावसावर पेरणी केली, तर लवकर निघालेल्या पतंगांचा मोठा हिस्सा असा निष्फळ जातो. अमेरिकेने 19 ऑक्टोबर 2018 रोजी ही कीड देशातून नाहीशी झाल्याचे जाहीर केले. त्या यशाचे श्रेय बहुधा बीटी कापूस आणि मुद्दाम सोडलेले वंध्य पतंग यांना दिले जाते आणि ते रास्तही आहे. परंतु ठरावीक तारखेपर्यंत पऱ्हाट्या जमिनीत गाडणे आणि कापसाविना राहणारा काळ पाळणे ही शिस्त त्याआधीपासून होती, आणि तिच्याशिवाय बाकीचे उपाय इतके परिणामकारक झाले असते असे मला वाटत नाही.

प्रौढावस्थेतील प्रजननरोधाचे आपले अस्सल उदाहरण हवे असेल, तर हुमणीचे (मुळे खाणाऱ्या, भुंगेऱ्याच्या अळीचे) घ्यावे. उसातील आणि भुईमुगातील हुमणीचे भुंगेरे पावसाळ्यानंतर जमिनीत कोषातून बाहेर येतात, परंतु वळवाच्या पावसापर्यंत मातीतच निपचित राहतात. या काळात त्यांचे प्रजनन पूर्णपणे थांबलेले असते. पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी ते कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर येतात, पाला खातात, मीलन करतात आणि मग माद्या मातीत अंडी घालतात. झाडे हलवून भुंगेरे गोळा करण्याची जी मोहीम गावोगाव घेतली जाते, तिचा उपयोग अंडी घातली जाण्यापूर्वीच्या त्या थोड्या संध्याकाळींपुरताच असतो. पंधरा-वीस दिवस उशीर झाला की मोजणीच्या घमेल्यात भुंगेरे भरपूर दिसतात आणि शेतातील हुमणी मात्र तेवढीच राहते. इथे थंडीऐवजी कोरडेपणा आहे, पण तत्त्व तेच आहे.

हा विषय स्वतः तपासून पाहायचा असल्यास साधने फार लागत नाहीत. तुरीवरील हिरवे ढेकणे ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर पंधरवड्याला गोळा करावेत आणि मिठाच्या सौम्य द्रावणात, साध्या विच्छेदन सूक्ष्मदर्शकाखाली मादीचे पोट पाठीच्या बाजूने उघडावे. अंडनलिका धाग्यासारख्या पारदर्शक आणि भोवती पांढरी चरबी दाटलेली असेल, तर मादी सुप्त आहे. अंडनलिकांत बलकयुक्त अंडी एकामागे एक रांगेत असतील, तर ती प्रजननात आहे. तिसरी स्थितीही नोंदवावी: अंडनलिकांच्या तळाशी पिवळसर अवशेष दिसले, तर त्या मादीने आधी अंडी घातलेली आहेत आणि आता ती थांबली आहे. ओसाकाचे निष्कर्ष येथे गृहीत धरू नयेत, कारण आपल्याकडे थंडीतही तुरीच्या शेंगांचे अन्न उपलब्ध असते.

प्रयोग मांडताना एका दोषापासून सांभाळावे. अंडी घातलेल्या माद्या बहुधा वयानेही मोठ्या असतात, आणि त्या आधी मरतात याचे कारण प्रजनन की वय, हे साध्या तुलनेतून कळत नाही. म्हणून एकाच दिवशी प्रौढ झालेल्या माद्यांचे तीन गट करावेत: नराविना ठेवलेल्या, मीलन होऊ दिलेल्या पण लहान दिवसांमुळे अंडाशय न वाढलेल्या, आणि मोठ्या दिवसांत ठेवून अंडी घालू दिलेल्या. हिवाळ्यातील मृत्यू मोजण्याआधी प्रत्येक गटातील काही माद्या वजन व चरबी तपासण्यासाठी बाजूला काढाव्यात, आणि जगलेल्या माद्यांनी नंतर किती अंडी घातली हेही मोजावे, कारण हिवाळा काढला पण अंडी घालण्याइतके बळ उरले नाही, तर पिकाच्या दृष्टीने त्या मादीची गणना मेलेल्यांतच करावी लागते.